सही करणाऱ्याचे दायित्व आणि विमा

मुंबई-नाशिक महामार्गावर पडघ्याच्या टोलनाक्यातून रात्रंदिवस ये-जा करणाऱ्या मालमोटारींवर कायद्याचे एक बंधन आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १४६ प्रमाणे तृतीय पक्षाचा विमा उतरविल्यावाचून वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. मालकाला स्वतःच्या गाडीची काळजी असो वा नसो, त्या गाडीखाली सापडणाऱ्या अनोळखी माणसाची काळजी कायद्याने त्याच्यावर लादलेली आहे. आता हीच मालमोटार महामार्ग सोडून ज्या गोदामाच्या दारात उभी राहते, तेथील स्थिती पाहावी. त्या गोदामाच्या आराखड्यावर अभियंत्याची सही असते. तेथील अग्निशमन सामग्री चालू स्थितीत असल्याचा दाखला एखादी परवानाधारक संस्था देते. मालाची करविषयक विवरणपत्रे करसल्लागार भरतो, आणि माल उतरविताना हमालाच्या पायावर खोके पडले तर गावातला डॉक्टर त्याच्यावर उपचार करतो. या सर्वांच्या चुकीची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते आणि ती मालमोटारीच्या चालकाच्या चुकीइतकीच जबर असू शकते. तरीही व्यवसाय करण्यापूर्वी दायित्वाचा विमा उतरविण्याची सर्वसाधारण सक्ती यांपैकी कोणावरही नाही.

ही विसंगती केवळ कायद्याच्या अभ्यासकांनी चर्चा करून सोडून द्यावी अशी नाही. पडघ्यासारख्या गावात तिचे परिणाम दिवसेंदिवस अधिक प्रत्यक्ष होत जाणार आहेत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या हाकेच्या अंतरावर, या एका सोयीमुळे भिवंडी तालुक्यात गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, मुंबईची जकात संपली. पण प्रत्येक राज्यात कराच्या कारणासाठी वेगळा साठा ठेवण्याची गरज उरली नाही, म्हणून कंपन्यांनी थोड्या ठिकाणी मोठी गोदामे घेण्याचा मार्ग पत्करला आणि भिवंडीचे महत्त्व उलट वाढले. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचे मुंबईकडील टोक भिवंडी तालुक्यातच आहे. ज्या गावाची ओळख कालपर्यंत भातशेती आणि आठवड्याचा बाजार एवढीच होती, तेथे आता जमिनीचे व्यवहार, बांधकामे, भाडेकरार, कर्जप्रकरणे आणि त्यांच्यामागोमाग येणारी लहानलहान कार्यालये यांची दाटी झाली आहे. या कार्यालयांत जे विकले जाते ते मुख्यतः एकच असते. ते म्हणजे जाणकाराचा शब्द आणि त्याखालची सही.

दायित्व म्हणजे काय?

व्यावसायिक दायित्वाचा विमा हा आगीच्या किंवा चोरीच्या विम्याहून मुळातच भिन्न आहे. आगीच्या विम्यात विमेदाराचे स्वतःचे नुकसान भरून मिळते. दायित्वाच्या विम्यात विमेदाराच्या चुकीमुळे, दुर्लक्षामुळे अथवा कर्तव्यात राहून गेलेल्या गोष्टीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान झाले आणि जे भरून देण्यास कायद्याने तो बांधलेला ठरला, ती रक्कम विमा कंपनी देते. तसेच खटल्यात बचाव करण्याचा खर्चही सोसते. हप्ता व्यावसायिक भरतो. लाभ मात्र अंतिमतः त्याच्या अशिलाला, रुग्णाला किंवा त्या घरात राहणाऱ्याला व्हावयाचा असतो. ही गोष्ट एकदा ध्यानात घेतली म्हणजे या विम्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. तो श्रीमंत डॉक्टरांचा आणि मोठ्या वास्तुविशारदांचा एक चोचला आहे, ही सर्वसामान्य समजूत मग टिकत नाही.

क्षतिपूर्तीच्या कल्पनेचा ऊहापोह मुंबईच्या न्यायालयात फार पूर्वी झालेला आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १२४ मध्ये क्षतिपूर्तीच्या कराराची व्याख्या आहे. तिचा शब्दशः अर्थ केला तर ज्याला हमी दिली त्याने आधी नुकसान सोसावे आणि मग हमीदाराकडे जावे, असे वाटते. १९४२ साली ‘गजानन मोरेश्वर परेळकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री’ या मुंबई उच्च न्यायालयातील खटल्यात न्यायमूर्ती छागला यांनी निराळी भूमिका घेतली. दायित्व निश्चित स्वरूपात अंगावर आले असेल तर पदरचे पैसे भरून होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही, हमीदाराने पुढे होऊन ते दायित्व फेडावे अशी मागणी करता येते, असा त्या निर्णयाचा आशय आहे. ज्याच्याजवळ आधी भरावयास पैसेच नाहीत, त्याला नंतर मिळणाऱ्या भरपाईचा उपयोग काय, हा त्यामागचा साधा व्यावहारिक विचार होय. विम्याचा करार हा तंतोतंत कलम १२४ मधला करार नव्हे. तरी हा विचार त्यालाही लागू पडतो, आणि लहान व्यावसायिकाच्या बाबतीत तर तो निर्णायक ठरतो.

कायदा पुढे गेला

निष्काळजीपणाबद्दल व्यावसायिकाला जबाबदार धरण्याचे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथे एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. उपचारांसाठी त्याला पुण्यास आणण्यात आले आणि तेथे त्याचा मृत्यू झाला. वडिलांनी शल्यचिकित्सकावर दावा लावला. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या नावाने विधिक्षेत्रात प्रसिद्ध असलेल्या या दाव्याचा सर्वोच्च न्यायालयातील निकाल १९६८ साली लागला आणि डॉक्टरला जबाबदार धरणारा निर्णय कायम झाला. भरपाईची रक्कम होती ३,००० रुपये. रुग्णाला उचित काळजीचा हक्क आहे हे तत्त्व त्यातून दृढ झाले. पण त्यासाठी एका पित्याला पंधरा वर्षे वाट पाहावी लागली, हेही विसरून चालणार नाही.

सत्तरच्या दशकात महाराष्ट्रात ग्राहक चळवळ उभी राहिली. बिंदुमाधव जोशी यांची ग्राहक पंचायत आणि १९७५ साली स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत यांनी ग्राहकाच्या हक्कांची भाषा मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचविली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात घरबांधणी ही ‘सेवा’ ठरली. १९९५ साली ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या खटल्यात मोबदला घेऊन केलेली वैद्यकीय सेवा या कायद्याच्या कक्षेत आली. पुढे २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा या कायद्याबाहेर ठेवली. वैद्यकीय व्यवसाय मात्र आजही त्याच्या कक्षेत आहे. थोडक्यात, गेल्या सत्तर वर्षांत नुकसान झालेल्या माणसाला न्यायाच्या दारापर्यंत पोहोचणे पुष्कळ सुलभ झाले आहे. मात्र निकाल हाती आल्यावर पैसे कोणाकडून वसूल करावयाचे, या प्रश्नाचा विचार त्या प्रमाणात झालेला नाही.

तिकडे शासनाची वाटचाल वेगळ्याच दिशेने चालली आहे. परवानगीसाठी नागरिकाला खेटे घालावे लागू नयेत, हा हेतू स्तुत्य आहे यात शंका नाही. पण खेटे वाचविण्याचा जो मार्ग निवडला गेला तो असा की, सरकारी अधिकाऱ्याच्या तपासणीची जागा खाजगी जाणकाराच्या प्रमाणपत्राने घ्यावी. २०२१ साली राज्याच्या ग्रामविकास विभागाने गावठाणातील सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेवर घर बांधण्यासाठी ग्रामपंचायतीच्या परवानगीची अट काढली. मालकीची कागदपत्रे आणि परवानाधारक अभियंत्याने प्रमाणित केलेला आराखडा सादर केला की पुरे. १,६०० ते ३,२०० चौरस फुटांपर्यंतही अशाच प्रमाणित कागदपत्रांच्या आधारे ग्रामपंचायतीकडून प्रमाणपत्र मिळते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याप्रमाणे इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा परवानाधारक संस्थेकडून घ्यावयाचा असतो. महानगरपालिकांच्या हद्दीत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घेण्याचे बंधन आहे. या प्रत्येक ठिकाणी सार्वजनिक सुरक्षिततेचा भार शासनाच्या खांद्यावरून उतरून एका लहान कार्यालयातील एका माणसाच्या सहीवर आलेला आहे. भार सोपविताना तो पेलण्याची ऐपत त्या माणसात आहे किंवा नाही, हे मात्र पाहिले गेलेले नाही.

ऐपतीचा अर्थ येथे ज्ञान असा नाही. पदवी आणि परवाना ज्ञानाची थोडीफार खात्री देतात. आर्थिक ऐपतीची खात्री देणारे काहीच नाही. पडघ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत कार्यालय चालविणाऱ्या अभियंत्याच्या चुकीमुळे एखाद्या कुटुंबाचे २० लाख रुपये खर्चून बांधलेले घर राहण्यास अयोग्य ठरले, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध २० लाखांचा हुकूमनामा देईल. त्या हुकूमनाम्याचे ते कुटुंब काय करणार? अभियंता देशोधडीला लागेल आणि कुटुंबाच्या हाती कागदच राहील. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात मागील आर्थिक वर्षाची खरेदीवरील कराची वजावट घेण्यासाठी साधारणतः ३० नोव्हेंबर ही अखेरची तारीख आहे. सल्लागाराच्या दुर्लक्षाने ती टळली, तर व्यापाऱ्याचा हक्काचा पैसा कायमचा बुडतो. सल्लागाराची वर्षाची फी काही हजारांत असते आणि बुडालेली रक्कम काही लाखांत असू शकते. लहान व्यवसायाच्या दायित्वाचे वैशिष्ट्य हेच आहे की, चुकीच्या परिणामांचा आकार व्यवसायाच्या आकाराच्या प्रमाणात असत नाही.

ठाणे जिल्ह्याला सहीचे मोल काय असते याची जाणीव अधिक असावयास हवी. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा येथील इमारत कोसळून ७४ माणसे मृत्युमुखी पडली. २१ सप्टेंबर २०२० रोजी भिवंडीतील जिलानी इमारतीच्या दुर्घटनेत सुमारे चाळीस जणांचा बळी गेला. २९ एप्रिल २०२३ रोजी भिवंडी तालुक्यातील वळपाडा येथे खाली गोदाम आणि वर राहती घरे असलेली इमारत कोसळली. जिल्ह्याबाहेर, २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडच्या ‘तारिक गार्डन’ इमारतीत १६ जण दगावले, आणि त्या प्रकरणी विकासकाबरोबर वास्तुविशारद व संरचना सल्लागार यांच्यावरही गुन्हा दाखल झाला. अशा प्रसंगी शासन मृतांच्या वारसांना मदत जाहीर करते. ती अर्थातच करदात्यांच्या पैशातून दिली जाते. दोषी कोणीही असो, भरपाईचा पहिला हप्ता निर्दोष जनतेने भरावा, अशी ही व्यवस्था आहे.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. विनापरवाना उभारलेली इमारत, जाणूनबुजून दिलेला खोटा दाखला, दारूच्या अंमलाखाली केलेले काम, दंड व शिक्षा या गोष्टी कोणत्याही दायित्व विम्यात बसत नाहीत आणि बसूही नयेत. शीळफाट्यासारख्या बेकायदा बांधकामावर विमा हा उतारा नव्हे. परंतु प्रामाणिक माणसाच्याही हातून चूक होते. मातीच्या वहनक्षमतेचा अंदाज चुकतो, जुन्या तुळईतील गंज नजरेतून सुटतो, अहवाल वाचण्यात घाई होते. विम्याचे क्षेत्र हे आहे, आणि ते लहान नाही.

बाजार का पुरत नाही?

इतका उपयुक्त विमा लोक आपण होऊन का उतरवीत नाहीत? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर अपरिचित नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले की, विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला असलेली माहिती विषम असली म्हणजे बाजार आक्रसत जातो. ज्याला आपल्या कामात धोका अधिक आहे असे ठाऊक असते तोच विमा घेण्यास पुढे येतो. त्यामुळे दावे वाढतात, कंपनी हप्ता वाढविते, हप्ता वाढला की सावध व्यावसायिक बाहेर पडतो, आणि उरलेल्यांसाठी हप्ता आणखी चढतो. याउलट सर्वांनीच विमा घ्यावा असा दंडक असला तर भार विभागला जातो. केवळ समजण्यासाठी एक हिशेब मांडता येईल. समजा, ४०० व्यावसायिक एकत्र आले आणि त्यांच्यापैकी दोघांवर दर वर्षी प्रत्येकी १५ लाख रुपयांचे दायित्व येते. एकूण ३० लाखांचा हा बोजा ४०० जणांत वाटला तर माणशी ७,५०० रुपये पडतात. कंपनीचा खर्च व नफा यांसाठी त्यात तिसरा हिस्सा मिळविला तरी ती रक्कम १०,००० रुपये होते. एकट्याला उद्ध्वस्त करणारी आपत्ती अशा रीतीने महिन्याला साडेआठशे रुपयांच्या आसपास येऊन ठेपते. अर्थात एका तालुक्यातील ४०० जणांचा गट पुरेसा नसतो. एखाद्या वर्षी एकही दावा येणार नाही, एखाद्या वर्षी पाच येतील. म्हणून गट राज्यव्यापी असणे श्रेयस्कर.

किंमत हा अडथळ्याचा एक भाग झाला. दुसरा भाग पॉलिसीच्या रचनेत आहे, आणि लहान व्यावसायिक फसतो तो बहुधा येथेच. मोटारीच्या विम्यात अपघात ज्या दिवशी झाला त्या दिवशी पॉलिसी चालू होती की नाही, एवढेच पाहिले जाते. व्यावसायिक दायित्वाची पॉलिसी ‘दावा-आधारित’ असते. चूक पॉलिसीत नमूद केलेल्या पूर्वलक्षी तारखेनंतर घडलेली असली पाहिजे आणि दावाही पॉलिसी चालू असतानाच आलेला असला पाहिजे. याचा व्यवहारातील अर्थ पाहावा. एका अभियंत्याने २०१८ साली आराखड्यावर सही केली. २०१८ पासून २०२४ पर्यंत त्याने नियमाने हप्ते भरले. २०२४ साली तो निवृत्त झाला आणि आता काम नाही म्हणून त्याने पॉलिसी बंद केली. पुढे दोन वर्षांनी इमारतीला तडे गेले आणि दावा आला, तर त्याने भरलेल्या सहा-सात वर्षांच्या हप्त्यांचा त्याला काडीचाही उपयोग होत नाही. मध्येच एक वर्ष नूतनीकरण राहून गेले आणि नवी पॉलिसी नव्या तारखेपासून घेतली, तरीही मागील कामांचे संरक्षण संपते. कागदपत्रांत ही अट असते, पण ती इंग्रजीत, बारीक अक्षरांत आणि शेवटच्या पानांकडे असते.

इतरही बारकावे आहेत. पॉलिसीवरील मोठा आकडा हा बहुधा वर्षभराच्या सर्व दाव्यांची मर्यादा असतो. एका घटनेसाठीची मर्यादा त्याच्या निम्मी किंवा चौथाईही असू शकते. बचावाचा खर्च पुष्कळदा याच मर्यादेतून वजा होतो. प्रत्येक दाव्यात काही रक्कम विमेदाराने स्वतः सोसावयाची असते. दाव्याची चाहूल लागताच कंपनीला लेखी कळविले नाही, किंवा कंपनीच्या संमतीवाचून चूक कबूल करून तडजोड केली, तर दावा फेटाळला जाऊ शकतो. गावात भांडण मिटविण्याची रीत मात्र नेमकी याच्या उलट असते. चार मंडळी बसतात, चूक मान्य होते, रक्कम ठरते. सौजन्याने वागणाऱ्या माणसाचे संरक्षण त्याच्या सौजन्यामुळेच जाते, हा या पॉलिसीतील विपर्यास होय.

आक्षेपांचा विचार

या विम्याविरुद्ध घेतला जाणारा पहिला आक्षेप असा की, भरपाई कंपनी देणार म्हटल्यावर व्यावसायिक बेफिकीर होईल. हा आक्षेप पोकळ नाही. विम्याच्या अर्थशास्त्रात त्याला मानाचे स्थान आहे. केनेथ ॲरो यांनी १९६३ सालच्या वैद्यकीय सेवेवरील आपल्या प्रसिद्ध निबंधातही त्याची दखल घेतली होती. परंतु त्यावरचे उपायही विम्याच्या रचनेतच आहेत. पहिला काही भाग विमेदाराने सोसावयाचा, दावे आलेल्याचा हप्ता वाढावयाचा, वारंवार चुकणाऱ्याला विमा नाकारला जावयाचा, यामुळे निष्काळजीपणा महाग पडतो. आज तो फुकट आहे; कारण दावा लावूनही वसुली होत नाही हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. शिवाय परवाना, प्रतिष्ठा आणि गंभीर निष्काळजीपणाबद्दल फौजदारी जबाबदारी यांतून विमा कोणालाही सोडवीत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. हा हप्ता शेवटी अशिलाच्या माथी बसेल, असे म्हटले जाते. तो काही अंशी बसेलच. परंतु घर बांधणाऱ्या शिक्षकाला किंवा कारकुनाला अभियंत्याच्या फीमध्ये काही शेकडा रुपये अधिक देऊन त्या सहीमागे १५-२० लाखांची हमी मिळत असेल, तर तो सौदा आतबट्ट्याचा नाही. या खर्चात शासनालाही हातभार लावता येईल. २०२५ च्या सप्टेंबरात वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विमा यांच्या हप्त्यांवरील वस्तू व सेवा कर माफ करण्यात आला. दायित्वाच्या विम्यावर १८ टक्के कर कायम राहिला. दुसऱ्याच्या नुकसानीची तरतूद करणाऱ्याला कराची सवलत नसावी, हे समर्थनीय नाही.

परदेशांतील अनुभवही पाहण्याजोगा आहे. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर मंडळींना १९७६ पासून व्यावसायिक विमा सक्तीचा झाला. त्यांच्या संघटनेनेच सर्वांसाठी एकत्रित पॉलिसी घेऊन त्याचा प्रारंभ केला. फ्रान्समध्ये ४ जानेवारी १९७८ च्या स्पिनेटा कायद्याने बांधकामाशी संबंधित व्यावसायिकांना दहा वर्षांच्या दायित्वाचा विमा अनिवार्य केला. त्याचबरोबर इमारतीच्या मालकाला आधी भरपाई मिळावी आणि दोष कोणाचा याचा वाद विमा कंपन्यांनी मागाहून आपसांत सोडवावा, अशी तरतूद केली. एखाद्या व्यावसायिकाला कंपन्यांनी विमा नाकारला तर त्याच्यासाठी हप्ता ठरवून देणारे मंडळही तेथे आहे. भारतातही विमा दलालांना स्वतःच्या दायित्वाचा विमा घ्यावाच लागतो. विमा विकून देणाऱ्याच्या चुकीपासून ग्राहकाला जे संरक्षण आहे ते घर बांधून देणाऱ्याच्या चुकीपासून का नसावे, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही.

काय व्हावे?

पहिली गोष्ट म्हणजे प्रमाणित पॉलिसी. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि ५ ते ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ या एकसारख्या अटींच्या पॉलिसी सर्व कंपन्यांना लागू केल्या. त्यांमुळे लहान उद्योजकाला आग, पूर, वादळ यांपासूनच्या संरक्षणाच्या अटी कंपनीगणिक तपासत बसण्याचे कारण उरले नाही. परंतु हे संरक्षण भिंतींचे, यंत्रांचे आणि मालाचे आहे. लहान व्यावसायिकाच्या दायित्वासाठी अशीच एक प्रमाणित, मराठीसह प्रादेशिक भाषांत उपलब्ध असणारी पॉलिसी निघाली पाहिजे. निवृत्तीनंतर किंवा मृत्यूनंतर निदान काही वर्षे जुन्या कामांचे संरक्षण चालू राहण्याची तरतूद तिच्यात मुळातूनच असली पाहिजे.

दुसरी गोष्ट सक्तीची. पण ती सरसकट नको. ज्यांच्या सहीला शासनाने स्वतःच्या तपासणीचे मोल दिले आहे, त्या परवानाधारक अभियंते, संरचना तपासनीस आणि अग्निसुरक्षा संस्था यांच्यापासून आरंभ व्हावा. परवान्याच्या नूतनीकरणास विम्याचे प्रमाणपत्र जोडण्याचा नियम राज्य शासनाला करता येण्यासारखा आहे. डॉक्टर, हिशेबनीस, करसल्लागार यांच्या संघटनांनी सामूहिक पॉलिसीचा मार्ग अनुसरावा. काही वैद्यकीय संघटनांनी तसा तो अनुसरलेलाही आहे. पडघ्यातील एकट्या डॉक्टरला कंपनीशी घासाघीस करता येत नाही, ती जिल्ह्याच्या संघटनेला करता येते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नुकसान झालेल्याचा थेट हक्क. मोटार अपघातांच्या बाबतीत न्यायालयांनी ‘आधी भरपाई, मग वसुली’ असे तत्त्व रूढ केले आहे. विमेदाराने पॉलिसीची अट मोडली असली तरी पुष्कळ प्रसंगी कंपनीने जखमीला पैसे द्यावेत आणि नंतर ते मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश होतात. अभियंत्याने जागेवर न जाता सही केली, तर ती चूक की लबाडी, याचा वाद कंपनी आणि तो अभियंता यांच्यात वर्षानुवर्षे चालू शकेल. त्या वादात घर गमावलेल्या कुटुंबाला ताटकळत ठेवणे न्याय्य नाही. सक्तीच्या विम्यात हे तत्त्व आणले नाही, तर सक्तीचा लाभ कंपन्यांच्या तिजोरीपलीकडे पोहोचणार नाही.

हे नियम होईपर्यंत लहान व्यावसायिकाने आणि त्याच्या अशिलानेही काही दक्षता घेता येईल. पॉलिसी घेणाऱ्याने पूर्वलक्षी तारीख, एका घटनेची मर्यादा, बचावाच्या खर्चाची अट आणि स्वतः सोसावयाची रक्कम या चार गोष्टी वाचल्याखेरीज सही करू नये, आणि एकदा घेतलेली पॉलिसी खंडित होऊ देऊ नये. कंपनीने दावा अन्यायाने नाकारला तर एकल मालकीचे व्यवसाय व सूक्ष्म उद्योग यांना विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते, ही सोय माहीत करून घ्यावी. घर बांधणाऱ्याने अभियंत्याला त्याची फी विचारताना त्याच्या दायित्वाचा विमा आहे काय, हेही विचारण्यास संकोच करू नये. ज्या दिवशी हा प्रश्न सर्रास विचारला जाऊ लागेल, त्या दिवशी नियमाची वाट न पाहता अर्धे काम होऊन जाईल.

लहान व्यवसायांचा गौरव आपल्याकडे सर्वच पक्षांच्या व्यासपीठांवरून होतो. त्यांना कर्ज मिळावे, वेळेवर देणी मिळावीत, परवाने सुलभ व्हावेत यासाठी कायदे झाले आणि ते योग्यच झाले. त्यांच्या चुकीची झळ ज्यांना लागते ती माणसेही लहानच असतात, याचा विचार मात्र धोरणात फारसा आढळत नाही. पडघ्यातील कार्यालयात बसून सही करणारा आणि त्या सहीवर विसंबून आयुष्याची पुंजी घरात घालणारा, या दोघांपैकी कोणाकडेही दुसरी पुंजी नसते. त्या दोघांना एकाच आपत्तीत बुडू द्यावयाचे, की थोड्या खर्चात दोघांनाही सावरावयाचे, एवढाच हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आणखी एखादी इमारत कोसळण्याची वाट पाहिली जाऊ नये.